सन्माननीय सदस्यांना उचलणारे श्यामकाका

आमच्या इमारतीत लग्न असो, बारसं असो की सोसायटीची सभा, श्यामसुंदर भिलारे दाराजवळ उभे. हात मागे, मान ताठ, नजर जमलेल्या मंडळींवर. बसा म्हटलं तर बसत नाहीत. पाहुणे त्यांना वॉचमन समजून गाडी कुठे लावू म्हणून विचारतात, आणि काकाही निमूटपणे जागा दाखवतात. त्यावरून त्यांच्या बायकोच्या, सुशीलाकाकूंच्या, अंगाचा तिळपापड होतो. चाळीस वर्षं संसार केला पण या माणसाला पंगतीत पहिल्या हाकेला बसलेलं पाहिलं नाही, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. आता एकतीस वर्षं ज्याने सभागृहाच्या दारात उभं राहण्याचाच पगार घेतला, तो निवृत्त झाल्या दिवशी एकदम गुडघे कुठून दुमडणार?

काका विधानसभेत मार्शल होते. म्हणजे अधिवेशन चालू असताना एखादा आमदार फारच हातघाईवर आला, कागद भिरकावायला लागला, आणि अध्यक्षांनी त्याला बाहेर काढा असा आदेश दिला, की त्या आमदाराला उचलून बाहेर नेऊन ठेवायचं, ही त्यांची नोकरी. तरुणपणी पेठेतल्या तालमीत कुस्ती केली होती, त्या जोरावर ती लागली. काम मुंबईला, हिवाळ्यात नागपूरला, आणि सुट्टीला सदाशिव पेठेत काकूंची बोलणी खायला.

उचलणं ही हमाली नव्हे, हे काका कुणालाही पहिल्या भेटीतच समजावून सांगतात. कॉलर धरायची नाही. आधी सदस्याच्या खिशातलं पेन काढून घ्यायचं, नाहीतर शाई आपल्याच सदऱ्यावर. एक हात पाठीमागे, एक गुडघ्याखाली, आणि चपला मागून दुसऱ्या मार्शलने आणायच्या, कारण बाहेर पायऱ्यांवर पत्रकार उभे असतात आणि अनवाणी आमदाराचा फोटो बरा दिसत नाही. काही सदस्य तर सकाळीच चहाच्या टेबलापाशी गाठून सांगून ठेवायचे, की श्याम, आज बाराच्या सुमाराला मला उचलावं लागेल, पण डावा खांदा जरा सांभाळ, आखडलाय. काका सांभाळायचे. उचललेल्या सदस्याला त्यांनी कधी खरचटू दिलं नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान आहे.

मार्शलला मत नसतं. त्यामुळे इतक्या वर्षांत काकांनी कुठल्याही विषयावर आपलं मत म्हणून एक शब्द तोंडातून काढला नाही. ऐकलं मात्र सगळं. विद्यापीठांची फी, शिक्षणावरचा खर्च आणि वाढती गुन्हेगारी, हे तीन विषय तर त्यांना पाठ आहेत. त्यांचं म्हणणं, भाषणं माणसांची नसतातच, बाकांची असतात. एका बाजूच्या बाकावर बसला की माणूस म्हणतो निधी भरपूर दिलाय, दुसऱ्या बाजूला बसला की म्हणतो पोरांनी शिकायचं तरी कसं. निवडणूक होते, माणसं इकडची तिकडे जाऊन बसतात, भाषणं आपली जागच्या जागी.

आता यात मी कुठून आले ते सांगते. मी पूर्णिमा, काकांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि वाघोलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेईन तेवढ्याचं मानधन, आणि तेही संस्थेला आठवेल तेव्हा. शिक्षणावरचा खर्च कमी पडतो म्हणजे काय, हे मला कुणी फळ्यावर लिहून दाखवायची गरज नाही. वर्षभर मी मूग गिळून तास घेते, आणि फेब्रुवारीत युवा संसद आली की ती आपसूक माझ्या गळ्यात पडते. युवा संसद म्हणजे पोरांनी मंत्री आणि खासदार व्हायचं, स्टेजवर तासभर चर्चा करायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गुण द्यायचे. गेल्या वर्षी आमचा मार्शल झालेल्या पोराने विरोधी पक्षनेत्याची कॉलर धरून त्याला फरफटत नेलं, शर्टाची दोन बटणं गेली आणि आमचे दहा गुण. यंदा मी ठरवलं, मार्शल अस्सल आणायचा. काकांना विचारलं तेव्हा ते उठून आत गेले आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घालूनच बाहेर आले. काकू म्हणाल्या, घेऊन जा, इथे नुसतं दार अडवून उभे असतात.

यंदाचा विषय आमच्या संस्थेचे अध्यक्ष श्रीधरराव यांनी स्वतः ठरवला होता: विद्यापीठाची फी, शिक्षणाचा निधी आणि गुन्हेगारी. तीन विषय एका तासात कसे मावणार, असं मी विचारलं तर म्हणाले, मॅडम, संसदेत मावतात ना? त्यांना गुन्हेगारीचा विषय हवा होता त्याला कारण होतं. दिवाळीनंतर कॉलेजच्या फाटकावरचा कॅमेरा चोरीला गेला. चोर काही सापडला नाही, कारण चोर दिसणार कॅमेऱ्यात आणि कॅमेरा चोराच्या घरी. मग संस्थेने वर्षाच्या मधेच सुरक्षा शुल्क नावाची नवी फी काढली. त्यातून एक कॅमेरा फाटकावर लागणार आणि दुसरा त्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायला. हे शुल्क भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घ्यायचा नाही, असा ऑफिसला हुकूम गेला.

त्या हुकमाने बारा जणांचे अर्ज अडकले, आणि त्यात सृष्टी. सृष्टी तिसऱ्या वर्षाची, वसमतहून आलेली, तिच्या वडिलांची तिथे पिठाची गिरणी आहे. आमच्या युवा संसदेत ती विरोधी पक्षनेती. वर्षाची फी तिने जुलैतच भरली होती, पण मधेच उगवलेल्या या अडीच हजारांची सोय घरून होईना. अर्ज गेला नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष बुडालं, आणि वर्ष बुडालं तर वडील म्हणणार, बाळा, खूप झालं पुणं, ये घरी. हे तिने मला जिन्यात सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, आणि त्यामुळे मलाच जास्त लागलं. मी म्हटलं, मी कुणाकडून तरी आणून देते. तर म्हणाली, मॅडम, बाकीच्या अकरा जणांचेही देणार का? माझंच मानधन दिवाळीपासून वाटेत होतं.

श्रीधररावांना भेटायला ती तीनदा गेली. तीनही वेळा साहेब मीटिंगमध्ये. मग मी गेले, तर शिपाई म्हणाला, मॅडम, तुमच्या तासांचं असेल तर मार्चनंतर या. आणि अर्जाची शेवटची मुदत नेमकी स्पर्धेच्या दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत. माझं डोकं फिरलं होतं, पण फिरलेलं डोकं घेऊन तालमी घ्यायच्याच होत्या.

पाच दिवस काका माझ्या स्कूटरवर मागे बसून वाघोलीला आले. त्यांच्या वजनाने स्कूटरचं पुढचं चाक रस्त्याला टेकतंय की नाही, अशी मला धाकधूक. तिथे गेल्यावर त्यांनी सगळ्यात आधी माझं लिखाण, म्हणजे पोरांनी स्टेजवर बोलायचे संवाद, वाचलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, पूर्णिमा, यात सगळे एकमेकांचं ऐकून घेऊन उत्तर देतायत, असं कधी होत नाही. मी निमूटपणे तो भाग काढून टाकला. मग शिक्षणमंत्री झालेली अवनी, ही खराडीची, जिला मराठीत रागावताही यायचं नाही, ती उठून म्हणायची की गुन्हेगारी वाढली कारण तरुण शिकत नाहीत. विरोधी बाकावरचा शंभू म्हणायचा, शिकत नाहीत कारण फी वाढली. अवनी म्हणायची, फी वाढली कारण निधी नाही. निधी कुठे गेला? पोलिसांच्या बंदोबस्ताला. बंदोबस्त कशाला? गुन्हेगारी वाढली म्हणून. आणि गाडी पुन्हा मूळ ठेशनात. असे तीन फेरे झाले की काका समाधानाने मान डोलवायचे. म्हणाले, आता जमलं, अगदी तिथल्यासारखं झालंय.

तिसऱ्या फेऱ्यानंतर शंभूने कागद फाडून हवेत उडवायचे आणि काकांनी त्याला उचलून न्यायचं, असं माझ्या लिखाणात होतं. शंभू पंचेचाळीस किलोचा. काकांनी त्याला इतक्या अलगद उचललं की पोरगं खूश. काका, अजून एकदा, काका, अजून एकदा, असं करत पाच दिवसांत त्याने स्वतःला सव्वीस वेळा उचलून घेतलं. शेवटी तर तो चर्चा सुरू व्हायच्या आधीच कागद फाडायला लागला. मला त्याला दम द्यावा लागला.

चहाच्या सुट्टीत काका सृष्टीजवळ उभे राहून तिचं ऐकत असत. मला वाटलं, असतील गप्पा. चौथ्या दिवशी घरी येताना त्यांनी मागून मला दोन गोष्टी विचारल्या, परीक्षेचे अर्ज घेणारं ऑफिस कुठे आहे आणि स्पर्धेला तुमचे अध्यक्ष कुठे बसतात. मी सांगितलं, ऑफिस सभागृहाला लागूनच, आणि अध्यक्षांचा सोफा स्टेजसमोर, पहिल्या रांगेत मधोमध. मला आपलं वाटलं, काका जुन्या वळणाचे, जाऊन नमस्कार करायचा असेल.

स्पर्धेच्या दिवशी चर्चा साडेतीनला सुरू झाली. श्रीधरराव सोफ्यावर, शेजारी तीन परीक्षक, समोर चहा-बिस्किटं. आमचा सभापती सौमित्र, वर्गात पहिला येणारा, घंटी इतकी हळू वाजवत होता, जणू जोरात वाजवली तर ती बिचारी विरघळेल. पहिला फेरा झाला, दुसरा झाला, अवनी एकदा चुकून “सो बेसिकली” म्हणाली पण परीक्षक हसले. शंभूने कागद फाडायला हात उचलला आणि तेवढ्यात सृष्टी उठून उभी राहिली. माझ्या लिखाणात ती तिथे उठत नाही.

“सभापती महोदय,” ती म्हणाली, “गुन्हेगारी, निधी, फी, हे बाहेरचं बोलून झालं. या कॉलेजातला एक कॅमेरा चोरीला गेला. चोर सापडला नाही, म्हणून त्याची शिक्षा आम्हा बारा जणांना झाली आहे. आमचे परीक्षेचे अर्ज आज पाच वाजता बाद होतील.”

श्रीधररावांनी बशी खाली ठेवली आणि सौमित्रकडे बघून हवेत हात असा हलवला, जसा माणूस ताटावरची माशी हाकलतो. सौमित्रची पाचावर धारण बसली. एकीकडे लिखाण, दुसरीकडे संस्थेचा अध्यक्ष. त्याने दोनदा घंटी वाजवली, सृष्टीला बसायला सांगितलं, ती बसली नाही. मग त्याने एका दमात म्हणून टाकलं, की मार्शल, सदस्यांना सभागृहाबाहेर न्या.

मी पडद्याआड उभी होते. काका माझ्या शेजारून निघाले, दोन पावलं जाऊन परत आले आणि मला हळूच म्हणाले, महिला सदस्य आहे, महिला मार्शल लागते. मी म्हटलं, काका, महिला मार्शल कुठून आणू? काकांनी क्षणभर विचार केला आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलून स्टेजवर गेले. ती सृष्टीच्या मागे ठेवली, वाकले आणि अदबीने विचारलं, “ताई, चालत येता, की उचलू?” हे ते प्रत्येक सदस्याला विचारत, हे मला नंतर कळलं. नियमच होता त्यांचा, कुणालाही न विचारता हात लावायचा नाही.

सृष्टीचे डोळे भरले होते. पण हातातला माईक तिने सोडला नाही. “उचला, काका,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

काकांनी खुर्ची मागून धरली. पुढचे पाय धरायला शंभू न बोलावता धावला. विरोधी पक्षाचा माणूस आपल्याच नेत्याला बाहेर काढायला मदत करतोय, हे बघून परीक्षक चक्रावले. काकांनी शंभूला सन्माननीय सदस्य, पायरी जपून, असं बजावत खुर्ची स्टेजच्या तीन पायऱ्यांवरून उतरवली. आता स्टेज हेच आमचं सभागृह. आदेश सभागृहाबाहेर न्यायचा होता, आणि स्टेजखाली उतरलं की सभागृहाबाहेर. काकांनी आदेशाचा शब्दन् शब्द पाळला. खुर्ची त्यांनी श्रीधररावांच्या सोफ्यासमोर, त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर अलगद टेकवली. स्वतः मागे हात बांधून उभे राहिले. मीही पडद्याआडून खाली येऊन पहिल्या रांगेपाशी थांबले.

तीनदा मीटिंगमध्ये असलेले साहेब आता सृष्टीच्या अगदी समोर होते, आणि माईक चालू होता. ती एवढंच म्हणाली की सर, कॅमेरा अजून लागलेलाच नाही, लागला की आम्ही पैसे देतो, आमचे अर्ज तेवढे आज घ्या. आवाज शेवटी फुटला तिचा. सगळ्या सभागृहाने तो ऐकला.

श्रीधररावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. परीक्षक लिहीत होते. साहेबांनी हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं की उद्या ऑफिसात या, बघू. सृष्टी म्हणाली, मुदत आज आहे. साहेबांनी चहाचा कप परत उचलला, म्हणजे विषय संपला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मला त्या क्षणी साहेबांच्या टकलावर चहा ओतावासा वाटला, खरं सांगते.

काका सोफ्याच्या मागे गेले. वाकले. पुढच्या रांगेतल्या आम्हा दोन-चार जणांनाच ऐकू गेलं असेल.

“साहेब, ऑफिसपर्यंत चालत येता, की उचलू?”

श्रीधरराव हसले. मग त्यांनी वळून बघितलं, तर काका हसत नव्हते. साहेबांची नजर काकांच्या मनगटांवर गेली, तिथून समोरच्या खुर्चीवर, तिथून दारापर्यंतच्या अंतरावर. काकांनी त्यांच्या खिशातलं पेन अलगद काढून हातात घेतलं. साहेब उठले. काय आहे, विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे, बघायलाच हवा, असं परीक्षकांना सांगत ते दाराकडे चालू लागले. त्यांच्या मागे दोन पावलांवर काका, काकांच्या मागे सृष्टी, शंभू आणि प्रेक्षकांतून उठलेले, अर्ज अडकलेले बाकीचे अकरा जण. साहेबांची सोफ्याखाली सुटलेली एक चप्पल मी उचलून नेली, कारण दुसरा मार्शल नव्हता.

ऑफिसातला कारकून शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवून डबा भरत होता. अध्यक्ष एका पायात चप्पल घालून आत आलेले बघून तो ताडकन उभा राहिला. काकांनी साहेबांचं पेन साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी कागदावर लिहून सही केली, की सुरक्षा शुल्क कॅमेरा बसल्यानंतर घ्यावं आणि परीक्षेचे अर्ज आजच स्वीकारावेत. बारा अर्जांवर बारा शिक्के पडले. सृष्टीचा शेवटचा, पाचला चार मिनिटं कमी असताना. तिने तो पोचपावतीचा कागद दोन्ही हातांनी धरला आणि ओक्साबोक्शी रडली. मीही रडले, आणि कारकून आम्हा दोघींना रांगेतून बाजूला व्हा म्हणाला.

तिकडे स्टेजवर सौमित्रने आमची वाट पाहिलीच नव्हती. विरोधक सभागृहात नाहीत हे बघून त्याने तिथल्या तिथे सुरक्षा शुल्काचं एक विधेयक काढून आवाजी मतदानाला टाकलं आणि ते एकमताने मंजूर झालं. परीक्षकांनी आम्हाला दुसरा क्रमांक दिला, खाली शेरा मारला की चर्चा पुनरुक्तीची असली तरी मार्शल फार वास्तववादी होता. कॅमेरा अजून लागलेला नाही. माझे पुढच्या सत्रातले तास निम्मे झाले. सृष्टी परीक्षेला बसली.

त्या संध्याकाळी काकांना घेऊन परत निघाले तेव्हा त्यांची कंबर धरली होती आणि नगर रोडचा प्रत्येक खड्डा त्यांना मोजून बसत होता. मी विचारलं, काका, हे तुम्ही आधीपासून ठरवलं होतं ना? येरवड्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला.

“पूर्णिमा, फीच्या चर्चेत एकतीस वर्षांत मी किती माणसं उचलून बाहेर ठेवली, गणती नाही. सगळी तावातावाने बोलायची, काही तर रडायची. पण त्यातल्या एकाचीही फी भरायची राहिलेली नव्हती. जिची राहिली होती, अशी मी आज पहिल्यांदा उचलली.”

सिग्नल सुटला. मी गाडी कडेला घेतली, कारण मला पुढचं काही दिसत नव्हतं.